किर्केनेस, एक तास पाच मिनिटं

या खेपेला गाडी काढायची नाही, विमानानं जायचं, असं आयनारनं ठरवलं. निर्णय एवढासाच. त्यापायी चौदा पाहुणे, एक अनोळखी बाई आणि तिचा झोपाळू नवरा वेठीला धरले जाणार आहेत हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

आयनार आमच्या त्रोम्सोच्या नगरपालिकेत आहे. बर्फ उपसणारी गाडी कुठल्या रस्त्यावर किती वाजता पोचेल, याचं वेळापत्रक लावणं हे त्याचं काम. त्यामुळे (की मुळात स्वभावच तसा, म्हणून नगरपालिकेनं उचलला, कोण जाणे) अंतर आणि वेळ या दोन गोष्टींचं त्याला भयंकर वेड आहे. तुम्ही सहज विचारलंत की बाबा रे, पोस्ट कुठे आहे, तर तो आधी मीटर सांगतो, मग मिनिटं, मग रस्ता निसरडा असेल तर किती मिनिटं वाढतील ते. तोवर पोस्ट बंद होतं.

आणखी एक गुपित सांगून ठेवतो. वेळापत्रकात तो प्रत्येक फेरीला पंचवीस मिनिटं हळूच चढवून लिहितो. गाडी दोनला येणार असेल तर दोन पंचवीस. मग गाडी दोनला आली की लोक म्हणतात, वा, काय चोख कारभार आहे. जगातली सगळी वेळापत्रकं अशीच लिहिलेली असतात अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याच्या बायकोचं, सिग्रुनचं, माहेर किर्केनेसला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. वर्षातून दोनदा, नाताळात आणि ईस्टरला, आयनार बायकोला बाजूला बसवून आठशे किलोमीटर गाडी हाकायचा आणि परत यायचा. आता मार्चात सासूबाई ऐंशीच्या होणार होत्या. सिग्रुन मदतीला आठवडाभर आधीच गेली, आणि जाताना नवऱ्याचं विमानाचं तिकीट काढून टेबलावर ठेवून गेली.

"एकटा आठशे किलोमीटर गाडी चालवू नकोस. डुलकी लागेल," ती म्हणाली.

"मला कधी लागली आहे?"

"मी शेजारी असते म्हणून लागत नाही. मी घोरते ना."

पण या वाढदिवसाला नुसतं जाऊन जेवून यायचं नव्हतं. आमच्याकडे रीत आहे: मोठं जेवण झालं की पाहुण्यांपैकी एकानं उठून घरच्या बाईचे जेवणाबद्दल आभार मानायचे. चार शब्द बोलायचे. ते बोलून झाल्याशिवाय कुणी खुर्ची सोडत नाही, मग कुणाला कितीही घाई असो. आणि बोलायचं कुणी हे आधीच ठरलेलं असतं, तो मान असतो. सासूबाईंच्या घरी हा मान सव्वीस वर्षं त्यांच्या भावाकडे, म्हणजे मामांकडे होता. या वर्षी सासूबाईंनी, बोर्गहिल्डबाईंनी, स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, "जावईबापू, या वेळी तुम्ही बोला."

आयनारला त्या फोननंतर दोन दिवस जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षांत त्या बाईनं त्याच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आणि त्यानंही, इथल्या रिवाजाप्रमाणे ताटावरून उठताना म्हणतात तेवढं "जेवणाबद्दल आभार" सोडलं, तर तिला धड धन्यवाद कधी दिले नव्हते. मनात होतं, पण जिभेवर यायचं नाही. ही संधी हुकली तर ऐंशी वर्षांच्या बाईला परत कधी सांगणार?

म्हणून त्यानं चार पानी भाषण लिहिलं. त्यात होतं काय? तर सव्वीस वर्षं, बावन्न फेऱ्या, त्र्याऐंशी हजार दोनशे किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून वर तीन हजार, आणि हे सगळं सासूबाईंच्या हातच्या जेवणासाठी. कागदावर ते त्याला फारच हृद्य वाटलं.

विमानाचं गणितही त्यानं मांडलं. त्रोम्सो ते किर्केनेस सरळ रेषेत चारशे तेवीस किलोमीटर. ताशी पाचशेच्या वेगानं एक्कावन्न मिनिटं. चढ-उतार आणि धावपट्टीवरची रखडपट्टी धरून वर चौदा. एकूण एक तास पाच मिनिटं. बारा वीसला निघालेलं विमान एक पंचवीसला टेकलंच पाहिजे. तिकिटावर एक पन्नास लिहिलं होतं. म्हणजे बरोबर पंचवीस मिनिटं जास्त. आयनार तिकिटाकडे बघून गालात हसला. आपल्यासारखाच कुणीतरी हुशार माणूस विमान कंपनीतही बसला आहे म्हणायचा.

(तिकिटावर खाली बारीक अक्षरात 'वादसोमार्गे' असं छापलेलं होतं. पण ज्यानं गणित स्वतः सोडवलंय तो उत्तर कशाला वाचत बसेल?)

आता आमच्या या किनाऱ्यावरची छोटी विमानं गावोगाव थांबत जातात हे शेंबडं पोरदेखील जाणतं. चार उतरतात, दोन चढतात, विमान पुन्हा उडतं. पण आयनार सव्वीस वर्षं गाडीनं गेलेला माणूस. विमानात बसल्या बसल्या त्यानं डोळे मिटले आणि ओठ हलवत भाषण घोकायला सुरुवात केली. हवाईसुंदरीनं दोनदा घोषणा केली. तेव्हा तो पृथ्वीच्या दुसऱ्या प्रदक्षिणेत होता.

चाकं टेकली तसे त्यानं डोळे उघडले. घड्याळात एक पंचवीस. मिनिटाचासुद्धा फरक नाही. त्याला इतका आनंद झाला की शेजारच्या आजोबांना त्यानं घड्याळ दाखवलं. आजोबांनी, वेळ विचारली नसतानाही, आभार मानले.

बाहेर बर्फाचा असा मारा चालला होता की हाताचं बोट दिसेना. कोटाची कॉलर वर करून, मान खाली घालून आयनार दाराकडे पळाला. इमारत त्याला जरा लहान वाटली. एका ईस्टरला सिग्रुनला इथून परतीच्या विमानात बसवायला आला होता तेव्हा मोठी होती. काटकसर चालली असेल, तो मनाशी म्हणाला. आत एक पन्नाशीची बाई स्वेटर विणत बसली होती. तिच्या शेजारी बसून त्यानं बायकोला फोन लावला.

"पोचलो. पंचवीस मिनिटं आधी."

"इतक्यात?" सिग्रुन म्हणाली. "थांब हं, मी निघतेच आहे. आई ताटं मोजतेय. अडीचला जेवायला बसायचंय."

मागे विमान पुन्हा उडालं. किती गुणी यंत्र, लगेच पुढच्या कामाला लागलं, असं मनात येऊन आयनारनं काचेतून त्याला चक्क हात केला. मग भाषण काढून वाचत बसला. एक पन्नासला फोन वाजला.

"अरे, कुठे आहेस तू?"

"विमानतळावर."

"मीही विमानतळावरच आहे."

"मग दिसत का नाहीस?"

"तूच दिसत नाहीयेस. दाराशी ये बघू."

"दाराशीच आहे. मी हात वर केलाय."

"मीही केलाय."

दोघं नवराबायको हात वर करून उभे राहिले. शेजारच्या बाईनं विणकाम मांडीवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला नक्की कुठल्या विमानतळावर जायचं होतं?"

"किर्केनेस."

"हे वादसो आहे."

आयनारच्या पायाखालची जमीन सरकली नाही. ती वादसोचीच होती, घट्ट. पण त्याचा चेहरा असा काही उतरला की त्या बाईनं, ओळख ना पाळख, थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली.

वादसो आणि किर्केनेस एकमेकांच्या समोर आहेत. मध्ये खाडी. विमानाला पंधरा मिनिटं पुरतात. पण पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, आणि रस्त्यानं जायचं तर खाडीला पूर्ण वळसा, एकशे पंचाहत्तर किलोमीटर. हा आकडा आयनारला पाठ होता. आज तो पहिल्यांदा आठवून त्याला रडू आलं.

"पण विमानात माणसं मोजतात ना," तो कळवळून म्हणाला. "मी कमी झालो हे कळलं कसं नाही?"

त्याचं उत्तर त्या बाईच्या फोनमधून आलं. तिचं नाव बेरित. ती नवऱ्याला न्यायला आली होती. नवरा, ओद्मुन, दोन आठवडे मासेमारीच्या बोटीवर राबून परतत होता, आणि तो नेहमीच सगळ्यात शेवटी उतरतो म्हणून ती निवांत विणत बसली होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "झोपलास ना?" मग बराच वेळ ऐकलं. मग आयनारकडे वळून म्हणाली, "माझा माणूस किर्केनेसला उतरलाय. तुम्ही उतरलात एक, तो राहिला एक. मोजणी जुळली."

"मी त्यांची जागा घेतली," आयनार पुटपुटला. "माफ करा."

"माफी कसली मागता? मला आता त्याला आणायला किर्केनेसला जायचंच आहे. चला, बसा गाडीत."

आयनारनं आभार मानले. गाडीचं दार उघडताना मानले, पट्टा बांधताना मानले, गाडी सुरू झाल्यावर मानले. बेरित म्हणाली, "आता पुरे. परतीच्या वाटेला थोडे ठेवा."

"तुम्ही परतीला मला आणणार?"

"नाही हो. बोलायची पद्धत."

गावाबाहेर दहा किलोमीटरवर रस्ता बंद. बर्फगाडी आल्यावर तिच्या मागून सगळ्यांनी जायचं. फळीवर लिहिलं होतं: अडीच.

"म्हणजे दोन पाच," आयनार आत्मविश्वासानं म्हणाला. "पंचवीस मिनिटं चढवून लिहिलेली असतात. मी या धंद्यातला आहे."

बर्फगाडी अडीचला आली. ना मिनिट आधी, ना मिनिट नंतर. बेरितनं नुसता गिअर टाकला, ही तिची थोरवी.

तिकडे किर्केनेसमध्ये सिग्रुन विमानतळावर उभ्या असलेल्या, डोळे चोळणाऱ्या त्या धिप्पाड माणसाला टाकून कशी जाणार? घेऊन गेली घरी. जेवायची वेळ, एक खुर्ची रिकामी. बोर्गहिल्डबाई म्हणाल्या, बसा. ओद्मुन बसला. खेकडा आला, मग रेनडियरचं भाजलेलं मांस, मग फेटलेल्या सायीत घातलेली पिवळी रानबेरी. हे सगळं आयनारला फोनवरून कळत होतं, कारण सिग्रुन मधून मधून बातम्या देत होती.

"तुझ्या वाटचा खेकडा त्यानं खाल्ला."

"खाऊ दे."

"दुसऱ्यांदाही वाढून घेतलं. आई खूश आहे. म्हणते, असा जेवणारा माणूस घरात असावा."

आयनारनं कोटाच्या खिशात काही खायला आहे का ते चाचपलं. पोटात सकाळपासून कॉफीशिवाय काही नव्हतं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना परत फोन. या वेळी सिग्रुन दबक्या आवाजात बोलत होती. "अरे, जेवण होऊन वीस मिनिटं झाली. कुणाला उठता येत नाहीये. मामा म्हणाले मी बोलतो, तर आई म्हणते नाही, आयनारला सांगितलंय, आयनारच बोलेल. मामांना जायचंय रे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला जेवणानंतर कुठे जायचं असतं? तू असं कर, फोनवरच बोल. मी आवाज मोठा करून टेबलावर ठेवते."

आयनारनं घाईघाईनं कोटातून कागद काढले. गाडी खाडीचं टोक ओलांडून डोंगराला लागली होती आणि हादरत होती. चष्म्यावर वाफ धरली. पहिलं पान की तिसरं, काही कळेना. फोनमधून चौदा माणसांचे श्वास ऐकू येत होते. वाचता येईना आणि थांबता येईना, तेव्हा तो तोंडाला येईल ते बोलू लागला.

"सासूबाई, मी आयनार. आज मी तुमच्याकडे जेवलो नाही. पण सव्वीस वर्षं जेवलोय. पहिल्यांदा आलो तेव्हा मी कोण, कुठला, काय करतो, हे विचारायच्या आधी तुम्ही ताट वाढलंत. नंतर विचारलंत, आणि माझी उत्तरं काही खास नव्हती, तरी परत वाढलंत. माझी आई गेली त्या हिवाळ्यात मी कुणाशी बोलत नव्हतो. तुम्ही बसनं आलात. एकट्या. मांडीवर माशाच्या साराचं भांडं घेऊन, त्रोम्सोपर्यंत. मी दार उघडलं तर तुम्ही म्हणालात, गरम करायला हवं. दुसरं काही म्हणाला नाहीत. मी तेव्हा आभार मानले नाहीत, कारण तोंड उघडलं असतं तर मी रडलो असतो. आज मानतो. त्या साराचे आणि सगळ्याच जेवणांचे. मला आणखी एक सांगायचंय…"

एवढ्यात चष्मा साफ झाला. हुश्श, म्हणून त्यानं पहिलं पान समोर धरलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "त्रोम्सो ते किर्केनेस हे अंतर रस्त्यानं आठशे किलोमीटर असून…"

तो पंचवीस मिनिटं वाचत होता. बावन्न फेऱ्या झाल्या, पृथ्वीच्या दोन्ही प्रदक्षिणा झाल्या, सरासरी वेग झाला, पेट्रोल झालं. चौथं पान संपवून त्यानं फोनला कान लावला. टाळ्या नाहीत. आवाजच नाही.

"रेंज मघाशीच गेली," बेरित रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "डोंगराआड वळलो तेव्हाच, तुम्ही पहिलं पान धरलंत तेव्हा. फोनचा दिवा गेला तो मी पाहिला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इतके रंगात आला होतात. आणि खरं सांगू, ते साराचं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मला बोलवेना. पुढच्या आकड्यांनी बरं वाटलं."

संपलं. आयनारनं कपाळाला हात लावला. तिकडे चौदा माणसं अर्ध्या वाक्यावर टांगलेली, मामांचे हाल, आणि सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा विचका. सव्वीस वर्षांनी एक गोष्ट मागितली होती बाईनं. बेरितनं डबा उघडून त्याच्या मांडीवर चीजचा पाव ठेवला. तो त्यानं खाल्ला, आणि तिचे आभारसुद्धा मानायचं विसरला. यावरून त्याची अवस्था ओळखा.

पाच वाजता ते पोचले. आयनार खालमानेनं दारातून शिरला आणि मामांनी त्याला मिठीच मारली. मामा, ज्यांनी सव्वीस वर्षांत त्याचा हात कधी पुरता दाबला नव्हता. मामी डोळे पुसत होत्या. सिग्रुननं सगळ्यांसमोर त्याचा गाल धरला.

"तू असा बोलतोस हे मला का नाही माहीत?" ती म्हणाली. "आणि शेवटी, 'मला आणखी एक सांगायचंय' म्हणालास आणि तुला पुढे बोलवेना. आम्ही सगळे गप्प. आई उठली, डोळे पुसले, म्हणाली, पोराचा गळा दाटलाय, त्याला छळू नका. मग सगळे उठलो."

"तो गळा…" आयनार म्हणू लागला. मागून बेरितनं त्याच्या पायावर बूट ठेवला, चांगला वजनानं. तिकडे ओद्मुन कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पुन्हा गाढ झोपला होता. बेरितनं त्याला एका हातानं उभा केला, ताटभर केक बांधून घेतला, सगळ्यांनी सगळ्यांचे आभार मानले, आणि ती नवऱ्याला घेऊन खाडीच्या वळशाला लागली. आयनार अंगणात उभा राहून गाडीचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होता. इतका उपकार त्याच्यावर परक्या माणसानं कधी केला नव्हता आणि ते तिला नीट सांगताही आलं नव्हतं, याचं त्याला फार वाटलं.

तो आत आला तर सासूबाई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी मांस गरम करत होत्या. ताट समोर आलं. आणि आयनार, सरळमार्गी माणूस, पहिल्या घासालाच कबुली देऊन बसला.

"सासूबाई, माझा गळा दाटला नव्हता. फोन बंद पडला होता. म्हणजे आधीचं सगळं खरं आहे, मनापासून आहे. पण खरं भाषण तुम्ही ऐकलंच नाहीत." त्यानं चारही पानं काढून टेबलावर ठेवली. "हे राहिलं. आता वाचू?"

बोर्गहिल्डबाईंनी चष्मा लावला. पहिल्या पानावरून नजर फिरवली, दुसरं उलटलं, तिसऱ्यावर एक मोठी बेरीज होती ती पाहिली. मग चारही पानांची नीट घडी घातली, त्याच्या कोटाच्या खिशात परत सारली, आणि त्याच्या डोक्यावरून, आपल्या मुलाच्या फिरवावा तसा, हात फिरवला.

"फोन माझ्या ताटाशेजारीच होता," त्या म्हणाल्या. "बंद पडला तो मला दिसला. म्हणून तर मी घाईनं उठले, तुम्ही परत लावायच्या आत."

आयनारचा हात पुन्हा कोटाच्या खिशाकडे गेला, तो त्यांनी ताटाकडे वळवला.

"फार चांगलं बोललात, जावईबापू. मी उगाच म्हणत नाही, इतकं चांगलं कुणी माझ्याशी बोललं नाही. पुढच्या वर्षीसुद्धा तुम्हीच बोलायचं. सिग्रुनला सांगून ठेवलंय मी, तुमचं तिकीट वादसोपर्यंतच काढायचं."